कातड्याचा सुवास

अत्तर लावावे की लावू नये, हा प्रश्न आमच्या धर्मग्रामात आजवर कोणी उपस्थित केलेला नाही, आणि तो करण्याचे कारणही नाही. प्रभू येशूने आपल्या मस्तकाला व चरणांना सुगंधी तेल लावू दिले. उपास करणाऱ्यानेसुद्धा तोंड धुऊन डोक्याला तेल लावावे, असेच त्याचे सांगणे होते. तेव्हा सुगंध हा पापांच्या यादीतला विषय नव्हे. तथापि अलीकडे बाजारात जो एक सुगंध मोठ्या मानाने मिरवतो आहे, त्याने आम्हाला विचारात पाडले आहे. तो गुलाबाचा नाही, मोगऱ्याचा नाही, चंदनाचा नाही. तो कातड्याचा आहे. 'लेदर' या नावाने त्याच्या कुप्या विकल्या जातात. मोटारीत टांगण्याच्या चिमुकल्या बाटल्यांतही तो मिळतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारी तयार होतात आणि मोटारींवर प्रेम करणारी तरुण मंडळीही येथे पुष्कळ. गाडीची बैठक बहुधा रेक्झीनची असते, म्हणजे ते कातडे खोटेच. त्या खोट्या कातड्याला खऱ्याचा वास यावा म्हणून आरशाला ही बाटली लटकते आणि तिच्या शेजारीच पुष्कळदा रोझरीची माळही असते. गाड्यांना आशीर्वाद देताना ही जोडी आम्ही अनेकदा पाहिली आहे.

ज्या वासामुळे आपल्याच देशात माणसाला गावकुसाबाहेर राहावे लागले, तोच वास बाटलीत भरला की हजारो रुपयांना विकला जातो. वास एकच, मग एकाच्या अंगावर तो कलंक आणि दुसऱ्याच्या अंगावर भूषण कसा ठरतो, आणि जो तो भूषण म्हणून लावतो त्याच्यावर काही नैतिक ऋण येते की नाही, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तूची थोडी ओळख करून घेणे बरे. कातड्याच्या अत्तरात सहसा कातडे मुळीच नसते. बर्च नावाच्या झाडाच्या सालीपासून काढलेले काळे, डांबरासारखे तेल, बीव्हर या पाणप्राण्याच्या ग्रंथीतून पूर्वी मिळणारे कॅस्टोरियम, ऊदाच्या जातीचे काही डिंक आणि क्विनोलिन कुळातील प्रयोगशाळेत सिद्ध केलेली रसायने यांच्या मिश्रणातून हा आभास निर्माण केला जातो. बर्चच्या तेलाचे कारण असे की, रशियात कमावलेले कातडे टिकावे म्हणून त्याला हे तेल चोळीत, आणि त्या कातड्याचा धुरकट वास युरोपभर प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या शानेल या पेढीने १९२०च्या दशकात काढलेल्या एका अत्तराचे नावच 'रशियाचे कातडे' अशा अर्थाचे होते.

याहून उद्बोधक कथा दक्षिण फ्रान्समधील ग्रास या गावाची आहे. आज सुगंधांची राजधानी म्हणून हे गाव ओळखले जाते, पण मुळात ते कातडी कमावणाऱ्यांचे गाव. तेथील हातमोजे सरदार-दरकदारांच्या पसंतीस उतरत, परंतु कमावलेल्या कातड्याची दुर्गंधी त्यांना सोसत नसे. म्हणून हातमोज्यांना फुलांचा वास देण्याची युक्ती निघाली, आणि हातमोजे व सुगंध हे दोन्ही धंदे करणाऱ्यांचे संघ सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये नांदू लागले. पुढे हातमोजे मागे पडले आणि सुगंध तेवढा उरला. म्हणजे कातड्याचा वास झाकण्यासाठी जी विद्या जन्माला आली, तिनेच कालांतराने कातड्याचा वास विकावयास काढला! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल?

मात्र या अत्तराने नक्कल कशाची केली आहे ते नीट पाहिले पाहिजे. चुन्याच्या हौदात भिजत पडलेल्या ओल्या कातड्याची ही नक्कल नव्हे. ही नक्कल आहे घोड्याच्या खोगिराची, आरामखुर्चीची, नव्या मोटारीच्या बैठकीची. ज्याने कातडे कमावले त्याचा हा वास नसून ज्याने ते विकत घेतले त्याचा आहे. आमच्या मते हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे.

ज्या पदार्थाची ओळख नाही त्यावर लिहू नये, असा आमचा नियम आहे. आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका धर्मग्रामस्थाने नाताळची भेट म्हणून अशी एक कुपी आमच्यासाठी आणली होती. एका सायंकाळी, मिस्सा व प्रार्थना आटोपल्यावर, आम्ही तिचे दोन थेंब मनगटावर घेतले. पहिली काही मिनिटे लिंबाच्या सालीसारखा तिखट, उडता गंध आला. हे कातडे कसले, असे वाटले. मग तो ओसरला आणि खालून धूर वर आला, ओल्या लाकडाच्या चुलीसारखा. अर्ध्या-पाऊण तासाने कुठे खरा वास स्थिरावला. जुन्या मिस्साग्रंथाची बांधणी उघडताना येतो तो, हार्मोनियमचा भाता फुगतो तेव्हा येतो तो. आम्हाला गुरुविद्यालयातील ग्रंथालयाची आठवण झाली आणि, खरे सांगावयाचे तर, बरे वाटले. अत्तराची गंमत अशी की, ते लावणाऱ्याला काही वेळाने त्याचा विसर पडतो. पण हात हलला की ते पुन्हा आपली आठवण देते. आपण कोणी भारदस्त, स्वस्थ, पुष्कळ पुस्तके आणि थोडी जमीन बाळगून असलेले गृहस्थ आहोत, असा काहीसा भाव मनात येऊन जातो. वास माणसाला भूमिका देतो. ती भूमिका आपली आहे की नाही, हे नाक विचारीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही मनगटावर त्याचा अंश होता. मिस्सा संपल्यावर भेटावयास आलेल्यांपैकी एका सेवानिवृत्त जवानाने आम्ही नवे बूट घेतले काय, अशी चौकशी केली. देहूरोड ही छावणीची वस्ती. बूट, पट्टे आणि पॉलिश यांचा वास येथे घरोघरी परिचयाचा, आणि तो शिस्तीचा, पगाराचा, निवृत्तिवेतनाचा वास आहे. त्याला कोणी नाक मुरडीत नाही. परंतु त्याच घोळक्यात नगर जिल्ह्यातून मुलाकडे राहावयास आलेल्या एक वृद्ध बाई होत्या. हा बाटलीतला वास आहे, असे आम्ही सांगताच त्यांनी आमचा हात धरून नाकाशी नेला आणि त्या म्हणाल्या, "फादर, ह्यो वास इकत घेत्यात व्हय? आमची आई ह्यो वास जावा म्हनून आयतवारी मिस्साला यायच्या आधी राखंनं हात घासायची. घासून घासून सालटं निघायची, पन वास जात नव्हता."

बाई हसत होत्या. त्यांच्या मुलाने मात्र घाईने विषय बदलला, पावसापाण्याचे काही विचारले आणि आईला हाताला धरून फाटकाकडे नेले. त्या मुलाचा चेहरा आमच्या लक्षात राहिला आहे. आईने काही वाईट सांगितले नव्हते. पण चार लोकांत जे कळू नये असे त्याला वाटत होते, ते कळले होते.

त्या माउलीची आई राखेने जे धूत होती, ते काय होते? पूर्वीच्या खेड्यात मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे, त्याचे कातडे सोलणे, ते चुन्यात घालून केस व मांस खरवडून काढणे, मग बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात ते दिवसेंदिवस मुरवणे, ही कामे ठरावीक जातींच्या माथी मारलेली होती. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात सालीचे पाणी भरून ते टांगून ठेवीत आणि पाणी झिरपेल तसे पुन्हा भरीत. ढोरांनी कमवावे, चांभारांनी रापी-आरीने कापून शिवावे, मातंगांनी नाडे-सोंदूर वळावेत, अशी वाटणी असे; प्रदेशपरत्वे ती थोडी बदले. आणि या साऱ्यातून जी वस्तू तयार होई तिच्यावर अवघे गाव जगे. विहिरीवरची मोट कातड्याची होती. पाटलाचा ऊस आणि भटजींच्या बागेतली जास्वंद त्या मोटेच्या पाण्यावर वाढे. पखालजीची पखाल कातड्याची. कीर्तनातल्या मृदंगाचे तोंड कातड्याचे. फार कशाला, कनौजचे प्रसिद्ध अत्तर मुरावे आणि त्यातला पाण्याचा अंश निघून जावा म्हणून ते कातड्याच्याच कुप्यांत भरून ठेवण्याची परंपरा आहे. लग्नमंडपात पाहुण्यांच्या मनगटाला लावलेले अत्तर असे कातड्याच्या पोटातून आलेले असे. पाणी चालले, नाद चालला, सुगंध चालला. ज्याच्या हातून हे झाले तो माणूस तेवढा चालला नाही. चांभार समाजातील एका शिक्षकाचे जीवन सांगणारे माधव कोंडविलकर यांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' हे पुस्तक १९७९ साली आले. ज्यांना हे सारे जुन्या काळचे वाटते त्यांनी ते अवश्य वाचावे.

म्हणून हा वास ज्यांनी टाकला, त्यांनी योग्यच केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथे आपल्या लोकांना मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा आणि मृत मांस न खाण्याचा उपदेश केला. धंदा सोडावयाचा म्हणजे मिळणारे कातडे, हाडे, मांस यांवर पाणी सोडावयाचे. गरिबाला तो त्याग लहान नव्हता. याच बाबासाहेबांनी आमच्या या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी नाताळच्या दिवशी आम्ही मिस्सा करून बाहेर येतो तेव्हा पांढऱ्या पोशाखातील बंधुभगिनी त्या विहाराकडे जाताना दिसतात. त्यांच्यापैकी आणि आमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे एकाच गावकुसाबाहेर राहिले असतील, हा विचार त्या दिवशी मनात आल्यावाचून राहत नाही. एकाने एका मार्गाने तो वास मागे टाकला, दुसऱ्याने दुसऱ्या.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. अशा अत्तराला आक्षेप घेणारा पहिला युक्तिवाद खर्चाचा असतो: एवढ्या पैशात किती गरिबांचे पोट भरले असते! हा युक्तिवाद ऐकावयास चांगला वाटतो, पण योहानकृत शुभवर्तमानात तो कोणाच्या तोंडी आला आहे हे आठवावे. बेथानीच्या मरियेने प्रभूच्या चरणांना जटामांसीचे तेल लावले. जटामांसी ही हिमालयात उगवणारी वनस्पती, म्हणजे ते तेल फार दुरून आलेले. त्याची किंमत तीनशे दीनार सांगितली आहे, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षभराची कमाई एका घटकेत जमिनीवर ओतली गेली. यहूदा इस्कार्योतला तेव्हा गरिबांची आठवण झाली. प्रभूने त्याला गप्प केले. दुसऱ्याच्या बाटलीची किंमत काढणाऱ्या आम्हा उपदेशकांनी हा प्रसंग उशाशी ठेवावा.

दुसरा युक्तिवाद खोटेपणाचा. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या धर्मशास्त्रीय महाग्रंथात बाह्य शृंगाराचा विचार करताना एक मार्मिक भेद केला आहे. जे रूप आपल्याजवळ नाही त्याचे सोंग आणणे वेगळे, आणि आजाराने वा अन्य कारणाने आलेली कुरूपता झाकणे वेगळे. पहिल्यात दोष संभवतो, दुसऱ्यात नाही. शब्दाप्रमाणेच कृतीच्या खुणेनेही असत्य सांगता येते, असेही त्यांचे मत आहे. या कसोटीवर राखेने हात घासणारी ती माता निर्दोष ठरते, यात शंका नाही; तिच्यावर लादलेली खूण ती पुसत होती. आणि तिच्या नातवाने उद्या चंदनाचे अत्तर लावले तर तोही निर्दोषच. पण ज्याने कधी रापी धरली नाही, खोगिरावर मांड टाकली नाही, त्याने कातड्याचा वास अंगावर घेतला तर ते सोंग म्हणावे काय? आम्हाला वाटते, तेवढ्याने नाही. गुलाबाचे अत्तर लावणारा आपण माळी असल्याचा दावा करीत नाही. सुगंधात खेळ असतो, आणि खेळाला खोटेपणा म्हणणे हा अरसिकपणा होईल.

मग आमचे मन कोठे अडते? ते अडते उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात. तेथे पवित्र शास्त्रातील एक माणूस खरोखरच दुसऱ्याचा वास आणि कातडे अंगावर घेतो. रिबकेने याकोबाला थोरल्या एसावाची वस्त्रे नेसवली आणि त्याच्या हातांवर व गळ्यावर करडांची कातडी बांधली. म्हातारा इसहाक आंधळा होता. आवाज याकोबाचा आहे हे त्याच्या कानांनी ओळखले. पण हातांनी चाचपले आणि नाकाने वस्त्रांचा वास घेतला, तेव्हा त्याची खात्री पटली. तो वास रानाचा होता, शिकाऱ्याचा होता, उन्हातान्हात राबलेल्या माणसाचा होता. त्या वासावर इसहाकाने आशीर्वाद दिला. वास एसावाच्या श्रमाचा, आशीर्वाद याकोबाला. एसाव रानातून परत आला तेव्हा त्याच्या अंगाला तोच वास खराखुरा येत होता, पण देण्यासारखे काही उरले नव्हते. तो मोठ्याने ओरडला आणि रडला. संत ऑगस्टीनपासून अनेकांनी याकोबाच्या या कृतीत गूढ अर्थ पाहून त्याला असत्याच्या दोषातून सोडवले आहे, आणि त्या आचार्यांपुढे आम्ही नम्र आहोत. तरीही एसावाचे रडणे शास्त्राने गाळलेले नाही.

कातड्याच्या अत्तराचा प्रश्न तो हाच. वास श्रमिकाचा आणि आशीर्वाद लावणाऱ्याला, असा हा व्यवहार आहे. लावणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नव्हे. याकोबासारखे कपटही त्याच्या मनात नसते. परंतु ज्या गंधाने एकाला भारदस्तपणा येतो, त्याच गंधाने दुसऱ्याच्या मुलाला चार लोकांत विषय बदलावा लागतो, तोवर हा व्यवहार पुरा झालेला नाही.

याकोबाची कथा तेथे संपत नाही, हे मात्र आपण पुष्कळदा विसरतो. वीस वर्षे परमुलखात राबून तो परतला तेव्हा त्याने एसावापुढे शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई, बैल, गाढवे असे कळप पाठवले. शास्त्रात दिलेले आकडे मिळवले तर, उंटिणींची पिले सोडून, साडेपाचशे जनावरे होतात. एसाव घ्यावयास तयार नव्हता. याकोबाने आग्रह केला, आणि त्या वेळी त्याने भेटीसाठी जो हिब्रू शब्द वापरला तो 'आशीर्वाद' असाच आहे. कातडी बांधून नेलेला आशीर्वाद त्याने जिवंत जनावरांच्या रूपाने परत केला. आणि तोही सात वेळा जमिनीपर्यंत लवून.

असे परत करणे आज कोणत्या रूपाने घडावे, याचा एक धडा नुकताच सार्‍या जगापुढे गिरवला गेला. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात ज्या वहाणा दाखवल्या, त्या पाहताच महाराष्ट्राने त्या कोल्हापुरी म्हणून ओळखल्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण प्रदर्शनाच्या वेळी कोल्हापूरचे नाव कोठे घेतलेले नव्हते. गदारोळ झाला, तेव्हा या वहाणांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे पेढीने मान्य केले आणि तिची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटली. मिलानवर टीका करण्यात आपण सारेच पुढे होतो. पण आपल्याच स्थानकाबाहेर छत्री लावून बसणाऱ्या चर्मकाराशी टाक्यामागे पाच रुपयांची घासाघीस करणारेही आपणच. पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देतात. ज्याला कोणी सढळ हाताने दिले नाही, तो पांडुरंगाच्या वाटकऱ्यांना सढळ हाताने देतो, हे दृश्य आम्ही मोठ्या आदराने पाहिले आहे.

परंतु पैशाचे ऋण हे त्यातल्या त्यात फेडावयास सोपे. त्या मुलाने विषय का बदलला, याचे उत्तर बाजारात नाही. ते आपल्या धर्मग्रामात आहे. स्नानसंस्काराने आपण सारे एक झालो, असे आम्ही व्यासपीठावरून सांगतो. मग सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न कोठून येतो? भारताच्या कॅथोलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाविषयी जे धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आत भेदभाव अस्तित्वात असल्याची स्पष्ट कबुली आहे. बिशपांनी जे मान्य केले ते आपण सभागृहातील चहाच्या टेबलापाशी अमान्य करावे, यात शहाणपण नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ रोजी, तैलाभिषेकाच्या मिस्साच्या वेळी, मेंढपाळांच्या अंगाला मेंढरांचा वास यावा अशी अपेक्षा पुरोहितांकडून व्यक्त केली. ते वचन पुढे इतके लोकप्रिय झाले की, मेंढरांच्या वासाचेही एखादे अत्तर कोणी बाजारात आणील की काय, अशी आम्हाला भीती वाटते. तसे ते आले तर त्याचे पहिले गिऱ्हाईक आम्हा पुरोहितांतूनच मिळेल.

देवाला मात्र या वासाचे कधी वावडे नव्हते. आदाम व हव्वा यांना बागेतून निरोप देताना त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रे परमेश्वराने केली, असे उत्पत्तीत लिहिले आहे. शास्त्रातला पहिला चर्मकार तोच. निर्गमात निवासमंडपाची जी रचना सांगितली आहे, तिच्यात वर आच्छादन म्हणून तांबडी रंगवलेली मेंढ्यांची कातडी घालावयास सांगितली आहे. आत धूप जळत असेल, पवित्र तेलातील गंधरस आणि दालचिनी दरवळत असेल आणि वाळवंटातल्या उन्हात तापलेल्या त्या कातड्यांचा वास त्यात मिसळत असेल. मोशेच्या लोकांना देवघर म्हटले की हाच वास आठवत असणार. आज पवित्र आठवड्यात महागुरुस्वामी ज्या तेलाला आशीर्वाद देतात त्यात ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बलसान मिसळलेले असते, आणि स्नानसंस्काराच्या वेळी ते प्रत्येक बालकाच्या मस्तकाला लागते. बाळ कोणत्याही घरचे असो, वास एकच. या तेलासाठी कोणी 'मूळचे कोण?' असे विचारीत नाही.

आणि याच वासात ख्रिस्तसभेने आपले दार परराष्ट्रीयांना उघडले. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे की, संत पेत्र यापो येथे शिमोन नावाच्या माणसाकडे बरेच दिवस राहिला. मराठी पवित्र शास्त्रात या शिमोनाला चांभार म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडी कमावणारा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ढोर. त्याचे घर समुद्राकाठी होते. यहुदी समाजात या धंद्याची स्थिती काय होती, ते मिश्नेतील नियमांवरून कळते. कातडी कमावण्याची जागा गावापासून किमान पन्नास हात दूर आणि तीही पूर्वेलाच असावी. आपल्याकडील पुष्कळ गावांतही बहिष्कृतांची वस्ती पूर्वेलाच असे. कातडी कमावणाऱ्याच्या पत्नीला काडीमोड मागता येत असे. लग्नाआधी हा धंदा ठाऊक असूनही, मला वाटले होते सोसेल, पण आता सोसवत नाही, असे तिने म्हटले तरी चालेल, असे रब्बी मेईर यांचे मत तेथे नोंदले आहे.

अशा घरात पेत्र राहिला. एक रात्र नव्हे, बरेच दिवस. तेथेच जेवला, तेथेच झोपला. दुपारी भूक लागली असताना तो प्रार्थनेसाठी त्याच घराच्या धाब्यावर गेला, आणि शुद्ध-अशुद्ध सर्व प्रकारच्या प्राण्यांनी भरलेली चादर स्वर्गातून उतरताना त्याला दिसली. देवाने जे शुद्ध केले ते अशुद्ध मानू नये, ही वाणी त्याने तीन वेळा ऐकली. प्रवचनांत या दर्शनाचा अर्थ आपण पुष्कळ वेळा सांगतो. पण ते ऐकताना पेत्राच्या नाकाला खालच्या हौदांचा वास येत असला पाहिजे, हे कोणी सांगत नाही. त्या घटकेला पेत्र गोंधळला, अर्थ काय असावा याचा विचार करीत राहिला, असे लूक लिहितो. आम्हाला वाटते, अर्ध्याहून अधिक अर्थ त्याने अंगवळणी पाडून घेतला होता. शिमोनाचा उंबरा त्याने दर्शनाच्या आधीच ओलांडला होता.

एवढ्यात दाराशी माणसे आली. ती कैसरियाहून, कर्नेल्य नावाच्या शतपतीने पाठवलेली होती. कर्नेल्य इटलिक पलटणीचा अधिकारी. म्हणजे छावणीतला माणूस, आमच्या देहूरोडच्या लोकांना चटकन ओळखू येईल असा. पेत्राने त्या पाहुण्यांना शिमोनाच्याच घरात उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर निघाला. समुद्रकाठची वाट होती, कैसरियास पोहोचेपर्यंत आणखी एक दिवस उलटला. कितीही वारा लागला तरी बरेच दिवस मुरलेला वास कपड्यांतून असा एका दिवसात जात नाही. वहाणांतून तर नाहीच.

कर्नेल्य आपले नातलग आणि जिवलग मित्र जमवून वाट पाहत होता. पेत्र आत येताच तो त्याच्या पाया पडला. पेत्राने त्याला हात देऊन उठवले आणि आपणही माणूसच आहोत, असे सांगितले. त्या वहाणांशी वाकलेल्या शतपतीला कसला वास आला, ते लूकने लिहिलेले नाही. त्या घरच्यांनी मग पेत्राला आणखी काही दिवस आपल्याकडे राहण्याची विनंती केली, एवढे मात्र त्याने लिहून ठेवले आहे.